पहिलीसाठी मिशनची लहान शाळा घ्यावी का? घरच्यांचे अनुभव हवेत

अवनीचीआई
नमस्कार मंडळी. मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल. आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी राहतो. इथे दोन शाळांवर येऊन थांबलोय. एक हायवेवरची सीबीएसई. मोठी इमारत, स्वतःच्या बस, पहिलीच्या तीन तुकड्या आणि प्रत्येकीत ४५ मुलं. दुसरी चर्चच्या आवारातली मिशनची इंग्रजी शाळा. बालवाडी ते सातवी सगळी मिळून १२० च्या आसपास मुलं, पहिलीत १४. फी मोठ्या शाळेच्या निम्म्याहून कमी.

सासरे लहानपणी मिशनच्या बोर्डिंगात शिकलेत, त्यांचा कौल तिकडेच. सासूबाईंना पटत नाही. "रोज सकाळी येशूची प्रार्थना म्हणेल, मग आपल्या घरातलं कधी शिकणार?" असं त्यांचं म्हणणं. माझी काळजी वेगळी आहे. अवनी घरात अखंड बोलते, पण चार माणसं जमली की गप्प होते. बालवाडीत वर्षभर बाईंना तिचा आवाज माहीत नव्हता. ज्यांनी मुलांना अशा लहान ख्रिस्ती शाळेत घातलं, किंवा घालून काढलं, त्यांनी सांगा. बरंवाईट दोन्ही.

हुरडा
पहिलीत १४ मुलं म्हणजे गृहपाठ नाही केला तर लपायला कुणाची पाठच नाही. माझा लेक अशाच शाळेत चौथीत आहे आणि मजेत आहे.

जुनी_वही
३१ वर्षं जिल्ह्यात शिकवलं, त्यातली ९ मिशनच्या शाळेत. आपल्या जिल्ह्याला ही शाळा परकी नाही. अमेरिकन मराठी मिशनचं नगरचं काम १८३१ चं. सिंथिया फॅरार नावाच्या बाई १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा बघत होत्या. जोतिराव फुले त्यांची शाळा पाहून गेले आणि १८४८ ला पुण्यात मुलींची शाळा काढली. त्या फॅरारबाई १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. मी मुलांना हे दरवर्षी सांगायचो, पाठ्यक्रमात असो वा नसो.

पण तुम्हाला प्रवेश आजच्या शाळेत घ्यायचाय. 'मिशनची' म्हटलं तरी शाळा एका प्रकारच्या नसतात. काही कॅथलिक धर्मप्रांताच्या, काही सिस्टर लोकांच्या संघाच्या, काही जुन्या प्रोटेस्टंट मंडळींच्या. आणि काही एखाद्या पाळकसाहेबांनी अलीकडे ट्रस्ट करून उभ्या केलेल्या. पहिल्या तिघींच्या पाठीशी यंत्रणा असते, मुख्याध्यापिका बदलली तरी गाडा चालतो. चौथीत सगळं एका घरावर असतं. ते घर चांगलं असेल तर तिच्यासारखी शाळा नाही. तुमची कोणती?

अवनीचीआई
सर, चौथी. पाळकसाहेबांच्या मिसेसच मुख्याध्यापिका आहेत. १६ वर्षं झाली शाळेला.

डोंगरवाट
माझं मत सरळ आहे. सहा वर्षांच्या मुलाला रोज सकाळी मोठ्या माणसाने एखादी गोष्ट सांगितली तर ते ती खरीच धरतं. तो त्या वयाचा धर्म आहे. म्हणून कुठल्याच धर्माची शाळा नको. आमच्या गावात गुरुकुल पद्धतीची शाळा निघाली तेव्हाही मी मुलाला घातलं नाही, नातेवाईक वर्षभर नाराज होते. देव घरी ठेवावा, शाळेत बेरीज शिकवावी. सासूबाईंचं म्हणणं मोडीत काढू नका, त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे.

वसईचा_वारा
डोंगरवाट, तुमची भूमिका सगळ्यांना सारखी लावता हे आवडलं. तरी प्रत्यक्षात काय चालतं ते सांगतो. मी वसईचा, कॅथलिक, आमच्या धर्मग्रामाच्या शाळेत २० वर्षं गणित शिकवतो. वेळापत्रकात एक तास असा असतो की कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला जातात आणि त्याच वेळी बाकीची मुलं मूल्यशिक्षणाला बसतात. भंडारी, आगरी, मुसलमान, सगळी मुलं आहेत आमच्याकडे. त्यांच्यापैकी कुणाला कॅटेकिझमच्या वर्गात बसवलेलं मी पाहिलेलं नाही.

याला घटनेचा आधार आहे. कलम २८ (३) प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसण्याची सक्ती करता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. म्हणजे सासूबाईंना सांगा, 'नको' म्हणायचा हक्क आपल्याकडे आहे आणि तो लेखी वापरता येतो. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनेही २०२४ मध्ये आपल्या शाळांना सांगितलं, की इतर धर्मांच्या मुलांवर आपल्या परंपरा लादू नका आणि सकाळच्या परिपाठात संविधानाची उद्देशिका वाचा. आमच्याकडे वाचतात.

मात्र हे कॅथलिक शाळांचं. स्वतंत्र ट्रस्टच्या शाळेवर बिशप नसतो. तिथे विचारूनच घ्यावं लागेल.

शेवंती२२
विचारूनच घ्या, हे अगदी खरं. माझा अनुभव असा. मुलगी दुसरीत, नाशिककडची लहान शाळा, नाव घेत नाही. दोन वर्षं उत्तम गेली. मग सुट्टीआधी बाहेरून एक पाहुणे आले, त्यांनी मुलांना पाप आणि नरक यांवर तासभर गोष्टी सांगितल्या. मुलगी रात्री झोपेना. तिचा प्रश्न होता, "आजोबा गेल्या वर्षी वारले, ते कुठे आहेत?" माझ्या वडिलांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहिता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. मुख्याध्यापिकांनी ऐकून घेतलं, माफी मागितली. म्हणाल्या, पाहुण्यांना आम्ही आधी विचारायला हवं होतं. नंतर पुन्हा तसं झालं नाही. पण मुलीने दोन महिने अंधारात एकटीने बाथरूमला जाणं सोडलं, आणि वर्ष संपल्यावर मी तिला काढलं. बाई वाईट नव्हत्या. ज्या माणसाला मुलांसमोर उभं केलं त्याला कुणी पारखलं नव्हतं. म्हणून रोजच्या प्रार्थनेबद्दल विचारालच, पण 'बाहेरचं कोण कोण मुलांशी बोलतं आणि पालकांना आधी कळवता का' हे नक्की विचारा.

डोंगरवाट
शेवंतीताई, वाचून गलबललं. आजोबांचं काय सांगितलंत मुलीला?

शेवंती२२
सांगितलं, की आजोबा होते तसेच चांगले आहेत, आणि जिथे चांगली माणसं जातात तिथे आहेत. मग आम्ही त्यांची खुर्ची पुसली. तिला काम लागतं, बोलून भागत नाही.

रानजाई
मी मराठी ख्रिस्ती, तुमच्याच जिल्ह्यातली. हा धागा तीन दिवस वाचतेय, आज लिहिते.

माझी पणजी महारवाड्यातली. गावच्या शाळेत तिच्या भावांना वर्गाबाहेर बसवायचे आणि तिला शाळाच नव्हती. मिशनच्या बाईने झाडाखाली सतरंजी टाकली त्यावर ती बसली आणि अक्षरं शिकली. तिची मुलगी, माझी आजी, नर्स झाली. मिशनऱ्यांनी शाळा धर्मासाठी काढल्या असं कुणी म्हटलं तर मी वाद घालत नाही, त्यांचा धर्म त्यात होताच. पण बसायला सतरंजी दुसऱ्या कुणी टाकली नव्हती, एवढं मात्र सांगते.

दुसरं, 'येशूची प्रार्थना' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गोरे लोक आणि पियानो येतो. आमच्याकडे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदं पेटी-तबल्यावर, टाळ घेऊन म्हणतात. ते १८९५ साली ख्रिस्ती झाले, पण शब्द सगळे आपल्या अभंगांच्या घरातले. तुमच्या सासऱ्यांना विचारा, बोर्डिंगातलं एखादं पद त्यांना अजून पाठ असेल.

फी कमी का, त्याचंही कारण आहे. १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आज हिंदू, शीख आणि बौद्धांनाच आहे. ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो नाही, त्यामुळे त्या सवलती नाहीत. आमच्या वस्तीतली पोरं शिकायची तर मिशनच्या शाळेच्या फी-माफीवरच. त्या बाकांवर तुमची मुलगी बसेल ती अशा मुलांशेजारी. मला वाटतं हा तिचा फायदा आहे.

आता आमच्या घरातलंच दुखणं. लहान शाळेत मंडळीतली, म्हणजे चर्चच्या सभासदांतली, भांडणं वर्गात शिरतात. चर्च कमिटीच्या निवडणुकीत माझे वडील हरलेल्या बाजूला होते. त्या वर्षी नाताळच्या नाटकात भावाला मेंढपाळाचं काम दिलेलं होतं, ते काढून घेतलं. दहा वर्षांचा होता. आज तो ३५ चा आहे आणि अजून नाताळात शाळेच्या रस्त्याने जात नाही. तुम्ही मंडळीच्या बाहेरच्या, त्यामुळे यातून सुटाल, पण तुमच्या मुलीच्या बाईंना पगार देणारी कमिटी तीच असते. बाई टिकतात का ते बघा.

हुरडा
रानजाईताई, मेंढपाळाचं वाचून वाईट वाटलं. आमच्या शाळेत यंदा मेंढपाळ कमी पडले म्हणून आमच्या लेकाला फेटा बांधून उभा केला. घरचा धनगरी फेटा. फोटोत तो एकटाच खरा मेंढपाळ दिसतो.

टेक्सासकर
इथलं थोडं वेगळं चित्र. आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. मुलगा किंडरगार्टन ते तिसरी एका चर्चच्या शाळेत होता, सगळी मिळून ७० मुलं. आम्ही दोघं नोकरीला, शाळा घराजवळ आणि संध्याकाळी सहापर्यंत सांभाळायचे, म्हणून घेतली. प्रवेशाच्या वेळी त्यांच्या श्रद्धेचं निवेदन वाचून सही करायची होती. काही शाळा आईवडलांपैकी एक तरी चर्चचा सभासद हवा म्हणतात. आमच्या शाळेला 'तुम्ही हे शिकवता हे आम्हाला ठाऊक आहे' एवढी सही पुरली. दर बुधवारी चॅपल, म्हणजे प्रार्थनासभा.

माया अपार. मुलाचा हात मोडला तेव्हा वर्गातल्या आयांनी तीन आठवडे आळीपाळीने जेवण आणून दिलं, आणि आम्ही मांस खात नाही हे लक्षात ठेवून. मोठ्या शाळेत आम्हाला शेजारच्या मुलाच्या आईचं नाव कळलं नसतं.

अडलं दोन ठिकाणी. विज्ञानाच्या पुस्तकात पृथ्वी काही हजार वर्षांची. सुट्टीत बुलढाण्याला आजोळी आलो तेव्हा मी मुलाला लोणारला नेलं. काठावर उभं करून सांगितलं, की हा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आणि नंतर त्याच्यावर उल्का आदळून हे सरोवर झालं. त्याने विचारलं, "मग मिस खोटं बोलते?" मी म्हणालो, "नाही, तिला जे खरं वाटतं ते ती सांगते. बाबाला दगड तपासणाऱ्या लोकांचं खरं वाटतं." त्याचं समाधान झालं. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, कारण हे मी प्रत्येक धड्याला करू शकणार नव्हतो.

दुसरं याहून मोठं. त्याला वाचता येईना. अक्षरं उलटीपालटी दिसायची. बाई जीव तोडून शिकवायच्या, शाळा सुटल्यावर थांबायच्या, पण त्या विषयातलं प्रशिक्षण कुणाकडेच नव्हतं. इथे सरकारी शाळेला अशा मुलासाठी स्वतंत्र आराखडा करणं कायद्याने भाग आहे, खाजगी शाळेला नाही. मात्र मूल खाजगी शाळेत असलं तरी त्याची तपासणी फुकट करणं हे सरकारी शाळा-विभागाचं काम असतं. हे मला दोन वर्षांनी कळलं. तपासणी झाली, डिस्लेक्सिया निघाला, चौथीत सरकारी शाळेत घातलं. आता सहावीत आहे आणि जाड पुस्तकं वाचतो. जुन्या बाईंना त्याने स्वतः पत्र लिहिलं, तेव्हा त्यांनी फोन केला आणि दोघं रडले.

टेक्सासने २०२५ मध्ये खाजगी शाळांच्या फीसाठी सरकारी पैसा देण्याचा कायदा केला, २०२६-२७ पासून लागू. त्यामुळे आमच्या ओळखीतली बरीच मराठी घरं आता या शाळा बघतायत. त्यांनाही मी हेच सांगतो, की माया आहे, पण मुलाला विशेष मदत लागली तर कोण देणार ते आधी विचारा.

अवनीचीआई
टेक्सासकर, तुमचं पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवलं. माया आणि प्रशिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आमच्या डोक्यात नव्हतं.

निळी_छत्री
आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांतून अर्ज करा ना, फी माफ होईल.

वसईचा_वारा
नाही हो. त्या शाळेला अल्पसंख्याक दर्जा असेल तर २५ टक्के लागू नाही. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अल्पसंख्याक शाळा, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, शिक्षण हक्क कायद्यातून वगळल्या. त्या निकालाचा फेरविचार व्हावा असं २०२५ मध्ये दुसऱ्या पीठाने म्हटलंय, पण आज तरी तीच स्थिती आहे.

खडूफळा
अल्पसंख्याक दर्जाचं पत्र बघालच, पण त्याआधी मान्यतेचं पत्र बघा. पाया पडून सांगतो.

पुण्याजवळची लहान शाळा, मुलगी बालवाडीपासून तिथे. इतकी छान शाळा की आम्ही कधी कागद मागितला नाही, मागणं अपमान वाटला असता. मान्यता पाचवीपर्यंत होती. सहावी-सातवी 'प्रस्ताव गेलाय' म्हणून चालू ठेवली. मुलगी सातवीत असताना ट्रस्टींचे दोन गट पडले, प्रकरण धर्मादाय आयुक्तांकडे गेलं, शिक्षकांचे पगार थांबले आणि दिवाळीनंतर शाळा उघडलीच नाही. दाखला मागायला गेलो तर कपाटाला दोन कुलपं, एकेक गटाचं एकेक. मुलीची सहावी कागदावर कुठेच नाही.

एका जिल्हा परिषद शाळेच्या हेडमास्तरांनी वाचवलं. म्हणाले, दाखला उशिरा आला म्हणून मी प्रवेश नाकारू शकत नाही, कायद्यातच आहे, आणि वयाप्रमाणे ती सातवीत बसेल. त्यांनी स्वतः गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे दोन खेपा घातल्या. ज्या शाळेकडे आम्ही सात वर्षं ढुंकून पाहिलं नव्हतं तिनेच दार उघडलं.

तेव्हा मान्यता कितवीपर्यंत आहे ते पत्रावर वाचा. यू-डायसचा, म्हणजे शाळेच्या सरकारी नोंदीचा, ११ अंकी क्रमांक मागा. मुलीची नोंद ऑनलाइन होते का विचारा. चांगली मुख्याध्यापिका रागावणार नाही, कागद पुढे करेल.

पणजीपार
एक प्रश्न कुणी विचारला नाही. मैदानावर मुलं कोणत्या भाषेत बोलतात?

गोव्यात १९९० नंतर अनुदान फक्त कोकणी-मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना मिळायचं, म्हणून चर्चच्या कितीतरी शाळा कोकणीकडे वळल्या. २०११ मध्ये इंग्रजीलाही अनुदान दिलं आणि गाडी परत फिरली. त्यामुळे आमच्या घरात एकाच शाळेतली दोन भावंडं, थोरली कोकणीतून शिकलेली, धाकटा इंग्रजीतून. थोरली पहिल्या दिवसापासून वर्गात बडबडायची. धाकटा, तितकाच हुशार, दुसरीपर्यंत मान हलवून उत्तर द्यायचा. बाईंना वाटायचं लाजाळू आहे. त्याच्याकडे शब्दच नव्हते. तुमची अवनी गर्दीत गप्प होते म्हणालात, त्यात नवीन भाषेची भर पडली तर? माध्यम इंग्रजी असो, पण पहिली-दुसरीत मराठीत उत्तर दिलं तर बाई ऐकून घेतात का, दंड करतात, हे बघाच.

वसईचा_वारा
शंभर टक्के. माझी घरची बोली कादोडी. मला तर प्रमाण मराठीही शाळेतच शिकावी लागली, पण पहिलीच्या बाई आमच्याच वाडीतल्या होत्या, त्यांना आमचं सगळं कळायचं. मराठी विषय २०२० च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत सक्तीचा आहे, पण तो एक तास. बाकीच्या तासांना काय होतं ते महत्त्वाचं.

जुनी_वही
बाकी सगळं ठीक, अवनीच्या आई, पण तुमचा मूळ प्रश्न गप्प बसणाऱ्या मुलीचा होता. लहान शाळेत गप्प मूल सापडतं, मोठ्या शाळेत हरवतं, असं सगळे म्हणतात. मी दोन्हीकडे शिकवलंय. १४ मुलांच्या वर्गातही चार बोलकी मुलं तास खाऊन टाकतात आणि बाई खूश असतात. एक करा. परवानगी घेऊन पहिलीच्या वर्गात मागे अर्धा तास बसा. बोलक्या मुलांकडे बघू नका. जे मूल बोलत नाही त्याच्याजवळ बाई किती वेळा जातात ते मोजा.

अवनीचीआई
दोन आठवड्यांनी लिहितेय. दोन्ही शाळांत जाऊन आले. मोठ्या शाळेत वर्गात बसू दिलं नाही, 'धोरण नाही' म्हणाले.

मिशनच्या शाळेत सासूबाईंनाही घेऊन गेले. मान्यता सातवीपर्यंत, पत्र भिंतीवरच लावलेलं. खडूफळा म्हणाले तसंच झालं, मागताच मॅडमनी यू-डायसचा कागद आणि फाइलच समोर ठेवली. प्रार्थना रोज दहा मिनिटं, एक इंग्रजी, एक मराठी पद, मग राष्ट्रगीत. बायबलचा तास आठवड्यातून एक. नको असेल तर लिहून द्या, मूल वाचनाच्या कोपऱ्यात बसेल, म्हणाल्या. बाहेरच्या पाहुण्यांचं विचारलं तेव्हा जरा थांबल्या. म्हणाल्या, "आजवर कळवत नव्हतो. यापुढे कळवू." शेवंतीताई, हे तुमच्यामुळे. विशेष मदतीचं स्पष्ट सांगितलं, की आमच्याकडे तसं कुणी नाही, गरज वाटली तर नगरला पाठवतो. चार शिक्षिका आठ वर्षांहून जुन्या, दोन यंदाच आल्यात.

मग वर्गात बसले. खिडकीजवळ एक मुलगा होता, एक शब्द बोलला नाही. बाई २५ मिनिटांत त्याच्याकडे पाच वेळा गेल्या. चौथ्या वेळी तो मराठीत काहीतरी पुटपुटला. बाईंनी ते इंग्रजीत मोठ्याने सगळ्यांना सांगितलं आणि म्हणाल्या, हे याचं उत्तर आहे.

रानजाईताई, सासऱ्यांना पद आठवलं. तीन कडवी. सासूबाईंचं लग्न होऊन ४१ वर्षं झाली, त्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं. त्यांचं मत पूर्ण बदललेलं नाही. बायबलच्या तासाला बसवायचं नाही असं लिहून द्यायचं ठरलं आणि प्रार्थनेला हरकत नाही. रोज संध्याकाळी परवचा आणि शुभंकरोति त्या स्वतः घेणार आहेत. काल प्रवेश घेतला.

डोंगरवाट
मी घेतला नसता, पण तुम्ही बघून घेतलात. अवनीला शुभेच्छा. आठवीचं काय ठरवलंत?

अवनीचीआई
आठवीला रयतची शाळा आहे, सायकलने जाण्याइतकी जवळ. तोवर तिने एकदा तरी वर्गात हात वर करावा एवढंच मागणं आहे.

खडूफळा
प्रवेश अर्जावर नाव, आडनाव, जन्मतारीख जन्मदाखल्याशी आणि आधारशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. आत्ताच. नंतर दाखल्यातलं एक वेलांटी बदलायला वर्ष जातं.

अवनीचीआई
बघितलं. आईच्या नावात चूक होती, उद्या जाऊन दुरुस्त करते.